खांदा आणि रविवारचं तेल

बायकांची डोकी चोळण्यात माझी अर्धी हयात गेली. त्यामुळे मालिश म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. नाशिकला सिडकोत माझं लेडीज पार्लर आहे. एक खोली, दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतीवर एका गोऱ्या बाईचं पोस्टर, जिचे केस इतके गुळगुळीत आहेत की ते तिचे नसावेतच. आयब्रो, फेशियल, वॅक्सिंग सगळं करते, पण माझं नाव झालं ते हेड मसाजमुळे. अंबडच्या कंपन्यांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, शाळेतल्या बाई, मार्केटात भाजीचा गाळा चालवणाऱ्या मावशी, सगळ्या माझ्याकडे पाठ करून बसतात आणि डोकं माझ्या ताब्यात देतात.

तेलानं केस वाढतात असं मी कोणाला कधी सांगितलेलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, तेलानं केस वाढत असते तर आमच्या ह्यांच्या डोक्यावर आज जंगल असतं. हेड मसाजचा खरा उपयोग वेगळाच आहे. डोक्यावर दोन हात फिरत असले की बाईला मान हलवता येत नाही, मोबाइल बघता येत नाही आणि तेवढा वेळ तिच्याकडे कोणी चहा, डबा, पोरांची फी, काहीही मागत नाही. काहीजणी झोपतात. काहीजणी रडतात. रडणाऱ्या बाईला काय झालं म्हणून विचारायचं नसतं. "तेल डोळ्यात गेलं वाटतं," म्हणायचं, नॅपकिन द्यायचा आणि चोळत राहायचं.

आणि आमच्या धंद्याचा एक मंत्र आहे. गिऱ्हाईक कळवळलं की विचारायचं, "दुखतंय?" ती हो म्हणाली की सांगायचं, "मग लागू पडतंय." हा मंत्र मला कोणी शिकवला आठवत नाही. तो मालिश करणाऱ्या प्रत्येकाला येतोच, पोहणं बदकाला येतं तसा.

तर अशा मला, एका सकाळी, ब्लाउजचं मागचं हुक लावता येईना. उजवा हात पाठीमागे जायला तयारच नाही. अर्ध्यावर जायचा आणि खांद्यात अशी कळ यायची की डोळ्यांसमोर काजवे. मी समोर हुक असलेले ब्लाउज शिवून घेतले आणि दुर्लक्ष केलं. मग हात वरही जाईना. फळीवरचा डबा काढता येईना. मग वेणी घालता येईना. आमचे हे अंबडला एका इंजिनिअरिंग कंपनीत फिटर. त्यांनी माझा हात धरून हळूच फिरवून बघितला, कान जवळ नेऊन खांद्यातला आवाज ऐकला आणि निदान केलं, "बेअरिंग गेलंय."

"मग बदला," मी म्हटलं.

"तुझं मॉडेल बंद झालं. पार्ट मिळायचा नाही," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

आमच्या घरात प्रेमाची भाषा ही अशी आहे.

पार्लरचं फारसं अडलं नाही. माझ्या जोडीला काम करणारी बाई हुशार आहे, तिनं डोकी सांभाळली आणि मी डाव्या हातानं आयब्रोचा दोरा धरायला शिकले. अडलं ते विंचूरला.

विंचूरला माझी आई आहे, धाकट्या भावाकडे. भाऊ कांद्याच्या व्यापारात, घर चांगलं स्लॅबचं, पुढे ट्रॅक्टर, मागे मोठी मोरी. आईला विसरण्याचा आजार झाला आहे. ती भावाला तलाठी समजते आणि तो घरात आला की सातबारा मागते. वहिनीला ती कोण समजते ते कोणालाच कळलेलं नाही, पण जी कोणी असेल ती आईला आवडत नसावी. मला चेहऱ्यावरून ओळखणं तिनं केव्हाच सोडलं. मी समोर बसले तर भिंतीकडे बघावं तशी बघते.

पण दर रविवारी सकाळी मी एसटीनं जायचे, तिच्या पाठीमागे पाटावर बसायचे, कोमट तिळाचं तेल हातावर घ्यायचे आणि मानेपासून खाली चोळायला लागायचे. पहिला हात फिरला की तिचे आवळलेले खांदे खाली यायचे आणि ती समोर बघतच म्हणायची, "आली का."

एवढंच. नाव नाही, बाकी काही नाही. पण ते ती मलाच म्हणायची. तिला माझं तोंड आठवत नव्हतं, हात आठवत होता. आठवेलच, कारण तो तिचाच होता. लहानपणी दर रविवारी ती आम्हा भावंडांना ओळीनं बसवून तेल लावायची, आणि पाठीवर हात कुठून कुठे न्यायचा, कुठे थांबायचा, कुठे तळहात लावायचा आणि कुठे नुसती बोटं, हे मी तिच्याच हाताखाली शिकले. पार्लरच्या कोर्समध्ये त्याला इंग्रजी नावं होती, एवढाच फरक.

तेल लागल्याशिवाय आई आंघोळीला जात नाही. हा तिचा जन्माचा नियम, आणि सगळं विसरली तरी नियम विसरली नाही. आठवडाभर वहिनी तिला ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. रविवारी मी तेल लावलं की ती गाईसारखी वहिनीच्या मागे मोरीत जायची.

माझा खांदा धरल्यावर पहिल्या रविवारी मी डाव्या हातानं तेल लावायला गेले. आईनं मान वळवली, माझा हात झटकला आणि म्हणाली, "ही नाय." मग वहिनीनं प्रयत्न केला. आई तिला चावली. खरंच चावली, दंडावर दात उमटले. त्याच्या पुढच्या रविवारी मी माझ्या पार्लरमधल्या बाईला घेऊन गेले. तिला आईनं तेलाची वाटी फेकून मारली. त्यानंतर भावानं डॉक्टरांकडून शांत राहायची गोळी आणली. गोळी दिली की आई आंघोळीपुरती मुकाट व्हायची आणि नंतर सोमवारी दुपारपर्यंत पडून राहायची. तोंडातून लाळ यायची. जेवायची नाही. वहिनीला मी दोष देत नाही, चावा तिनं खाल्ला होता. पण आईला तसं पडलेलं बघून मला भयंकर राग यायचा, आणि तो कोणावर काढावा ते कळायचं नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, तुझा हात कधी चालू होणार ते सांग." जसं काही विहिरीवरची मोटार जळली आहे.

म्हणून मी खांदा घेऊन निघाले. जगात जेवढ्या प्रकारच्या मालिशी नाशकात मिळतात, तेवढ्या करून बघायच्या असं ठरवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत होती. दुसऱ्यांना चोळलं पुष्कळ, स्वतःला कोणाकडून चोळून घेतलं नव्हतं.

पहिले वस्ताद. ह्यांनी सुचवलेले. पंचवटीत एका तालमीमागच्या शेडमध्ये सकाळी बसतात आणि लचक, मुरगळा, उसण काढून देतात. बाहेर बाकावर सगळे पुरुष, लंगडत आलेले, आणि मधे मी पदर खोचून. वस्ताद म्हणजे भलंमोठं पोट आणि त्याला जोडलेले दोन हात. माणूस मात्र सरळ. तो म्हणाला, "ताई, आमची मालिश कुस्तीसाठी असती. अंग तापलं पायजे, रक्त पळलं पायजे, उद्या परत मातीत पडायची ताकद आली पायजे. बायामाणसाचा खांदा माझ्याकडं कमी येतो. पण बघू." मग त्यानं बघितलं. अंगठा खांद्याच्या खोबणीत असा घातला की मला माझे सगळे पूर्वज दिसले.

"दुखतंय?"

"दुखतंय," मी दात आवळून म्हटलं.

"मग लागू पडतंय."

माझाच मंत्र, माझ्याच कानात. मला इतका विश्वास बसला की मी आणखी दोनदा गेले. तिसऱ्या खेपेनंतर हात कमरेच्या वर उचलेना. रात्री कुशीवर वळलं की ओरडायचे. हे म्हणाले, "हातोडा मारून बेअरिंग बसत नसतं." मी त्यांना म्हटलं, वस्तादांकडे तुम्हीच नेलंत. ते म्हणाले, "मी नुसता पत्ता दिला."

दुसरी खेप गंगापूर रोडला. माझ्या एका गिऱ्हाइकाची जाऊ तिथल्या स्पामध्ये मॅनेजर आहे. आत गेल्यावर काळोख, उदबत्तीसारखा पण उदबत्ती नसलेला वास आणि कुठून तरी पाणी पडल्याचा आवाज. त्या आवाजानं मला आल्याआल्या बाथरूमला जावं लागलं. मग समोर कार्ड आलं. स्वीडिश म्हणजे लांब लांब, संथ हात, अंग सैल पडून झोप यावी म्हणून. डीप टिश्यू म्हणजे कोपरानं आतपर्यंत, जिमला जाणाऱ्यांसाठी. हॉट स्टोन म्हणजे पाठीवर गरम दगड, तो कशासाठी ते मॅनेजरलाही नीट सांगता आलं नाही. थाई म्हणजे तेल नाही, अंगावर कपडे तसेच, खाली गादीवर झोपायचं आणि ती मुलगी तुमचे हातपाय ओढून, वाकवून, तुमची घडी घालणार.

"यातलं खांदा उघडणारं कोणतं?" मी विचारलं.

"मॅम, होल बॉडी रिलॅक्स होते."

"बॉडी रिलॅक्सच आहे. खांदा नाही."

शेवटी ओढायचा विषय आहे म्हणून मी थाई घेतलं. मुलगी मिझोरामची होती, दिसायला एवढीशी आणि हातात ताकद हमालाची. ती पाय दाबत होती तोवर माझं तोंड बंद राहिलं नाही. मी तिला हिंदीत सांगत होते की अंगठा इतका वापरू नकोस, तळहाताची टाच वापर, नाहीतर चाळिशीत अंगठा जाईल. ती थांबली. म्हणाली, "आप भी करते हो?" मग आम्ही दोघींनी आपापले अंगठे शेजारी धरून बघितले. दोघींच्या अंगठ्याचं मधलं पेर सारखंच बाहेर आलेलं. ती हसली, मीही हसले. त्या काळोख्या खोलीत मला तेवढंच बरं वाटलं. पुढच्या क्षणी तिनं माझा उजवा हात डोक्यावर ओढला आणि मी अशी किंचाळले की शेजारच्या केबिनमधली बाई टॉवेल गुंडाळून बाहेर आली.

मालिश करणाऱ्या बाईला मालिश करून घेता येत नाही, हे मला तिथे कळलं. तिचं अंग आडवं होतं, पण हात मनातल्या मनात समोरच्याचं काम करत असतात. आणि तिला वाटतं की आपलं दुखणं फक्त कमी दाबलं गेलेलं आहे, थोडं आणखी दाबलं की सुटेल. मी घरी बसून डाव्या हाताच्या मुठीनं स्वतःचा खांदा रगडायचे. कोपराखाली लाटणं ठेवून त्यावर भार द्यायचे. दुखलं की खूश व्हायचे. साधा स्वयंपाक करणारी बाई असते तर कधीच थांबले असते. मी थांबले नाही, कारण धंद्यातली होते.

तिसरी खेप इंदिरानगरला, केरळी आयुर्वेद. लाकडी मेज, नावेसारखं मधे खोलगट. दोन बायका दोन्हीकडून एकाच तालात तेल लावतात, चार हात, आणि एकमेकींशी मल्याळममध्ये न थांबता बोलतात. बहुतेक सासूबद्दल, कारण सूर ओळखीचा होता. तिथल्या वैद्यबाईंनी सांगितलं की हा अभ्यंग वातासाठी, कोरड्या अंगासाठी, झोपेसाठी, वय झालं की शरीरातली वंगणं कमी होतात त्यासाठी. ह्यांना हे ऐकून फार आनंद झाला असता. मग गरम पोटल्यांनी शेकलं. मी इतकी छान झोपले की मला उठवावं लागलं. माझे गुडघे सुधारले, घोरणं कमी झालं, टाचांच्या भेगा भरल्या. खांदा सोडून सगळं बरं झालं. येताना सिटी बसमध्ये शेजारची बाई माझ्या अंगाच्या तेलाच्या वासानं उठून दुसऱ्या सीटवर गेली.

या सगळ्या हिंडण्यात मला एक समजलं. आपल्याकडे शब्द आधीच होते. चेपणं वेगळं, चोळणं वेगळं, रगडणं वेगळं, थोपटणं वेगळं. पैलवानाला रगडतात, तान्ह्या पोराला चोळतात, झोप न येणाऱ्याला थोपटतात. सासूचे पाय चेपतात, आणि त्याचा रक्ताभिसरणाशी काडीचा संबंध नसतो, घरात कोणाचं चालतं ते ठरवण्यासाठी चेपतात. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचे पाय ठणठणीत होते. मी मात्र नाशिकभर हिंडून प्रत्येक ठिकाणी एकच मागत होते, की दाबा आणि उघडा. डब्याचं झाकण असल्यासारखं.

शेवटी गेले त्रिमूर्ती चौकाकडच्या एका फिजिओथेरपिस्टकडे. पोरसवदा, केस आखूड कापलेले. कोणी कापले ते मी पहिल्यांदा बघितलं, वाईट कापले होते. तिनं माझा हात तिच्या हातावर ठेवून घेतला आणि नुसता थोडा थोडा हलवला, जिथे अडला तिथे थांबली. मी वाट बघत होते की आता दाबेल. ती दाबेना.

"शुगर आहे का?"

"आहे."

"फ्रोझन शोल्डर आहे हा. शुगर असली की जास्त होतो. याच्या आत सूज आहे. आत्ता जेवढं जोरानं दाबाल, ओढाल, तेवढा तो आवळत जाणार."

मी तिला वस्ताद, थाई आणि लाटणं सांगितलं. लाटण्याला तिनं डोळे मिटून घेतले. मग तिनं असा प्रश्न विचारला जो इतक्या जणांत कोणी विचारला नव्हता. कुठे दुखतंय हे सगळ्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली, "हात तुम्हाला कशासाठी हवाय?"

मला वाटलं मी पार्लर म्हणेन. मी म्हणाले, "आईला तेल लावायला."

"त्यासाठी किती वर जावा लागतो? दाखवा."

तिनं स्टुलावर बसून माझ्याकडे पाठ केली. मी डाव्या हातानं दाखवलं. पाटावर बसलेल्या बाईची मान, म्हणजे माझ्या छातीएवढी उंची. त्याहून वर नाही.

"मग डोक्यावरचं भांडण नंतर. आधी एवढं मिळवू," ती म्हणाली.

व्यायाम म्हणजे चेष्टा वाटावी असे. टेबलाला धरून वाकायचं आणि दुखरा हात नुसता लोंबता सोडून गोल फिरू द्यायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं. गरम शेक. मधून मधून ती मानेचे आणि पाठीचे स्नायू हलक्या हातानं सोडवायची, कारण बिचारे खांद्याच्या वाट्याचं काम करून थकले होते. तीही मालिशच, पण दुखणाऱ्या जागेला ती शिवायचीही नाही. मला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. दुखत नाही म्हणजे काही होतच नाही, अशी माझी खात्री. सांधे हत्तीच्या पावलांनी धरतात आणि मुंगीच्या पावलांनी सुटतात, आणि माझी मुंगी तर वाटेत साखर खात बसली होती. डॉक्टरांनी शुगरवरून झापलं ते वेगळंच.

पावसाळा गेला, द्राक्षांच्या छाटण्या सुरू झाल्या. हात पोटापर्यंत आला, मग छातीच्या जरा खाली. विंचूरला मी जातच होते. गोळी घेतलेल्या आईशेजारी बसायचे, तिचे केस विंचरायचे, परत यायचे. ती कधी डोळे उघडायची आणि मिटायची. मला एकच भीती होती, आणि ती मी ह्यांनाही सांगितली नव्हती. हात येईल कधीतरी. पण तोवर ती हातही विसरली तर? मग मला ओळखणारं तिच्यात काहीच उरलं नसतं.

एका शनिवारी मी वहिनीला फोन केला. "उद्या गोळी देऊ नको. हात आलाय."

"आला का खरंच?" तिनं विचारलं.

"येईल," मी म्हटलं.

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. आई मागच्या अंगणात पाटावर बसलेली, जागी, सगळ्या जगावर चिडलेली. तेल वहिनीनं कोमट करून ठेवलं होतं आणि स्वतः सावधपणे मोरीच्या दारात उभी होती, दात पोहोचणार नाहीत अशा अंतरावर. मी मागे बसले. उजवा हात डाव्या हातानं खालून उचलून धरला आणि तिच्या मानेवर टेकवला. फिरवायला गेले तर तो माझा हातच नव्हता. घाबरत घाबरत, अडखळत, जिथे तळहात लावायचा तिथे बोटं घसरत होती. आईचे खांदे आवळलेलेच राहिले. तिनं अंग चोरलं.

"ही नाय," ती म्हणाली.

मी जिद्दीनं हात आणखी वर नेला. खांद्यात सणकन कळ गेली आणि माझ्या तोंडून निघालं, "आई गं."

तिला हाक मारली नव्हती. दुखलं की सगळेच तसं म्हणतात. पण ती वळली. पाटावरच अख्खी फिरली आणि माझ्याकडे तोंड करून बसली. माझा हात धरून तिनं माझं मनगट, कोपर, दंड असं चाचपत चाचपत खांद्यापर्यंत बोटं आणली, आणि जिथे दुखत होतं त्याच्या अलीकडेच थांबली.

"इथं व्हय," ती म्हणाली. "बस अशी. पाठ कर."

मी पाठ केली. चांगली पन्नाशी उलटलेली बाई, विंचूरच्या अंगणात, आईकडे पाठ करून बसले. तिनं तेलात हात बुडवला. तिच्या हातात आता जोर असा नाहीच, चिमणी नाचावी एवढाच. पण कुठून कुठे न्यायचा ते तिला सगळं येत होतं. मान, मग पाठ, मग दंड, खांद्याला वळसा घालून परत वर. दुखऱ्या जागेला तिनं बोटही लावलं नाही. मला रडू फुटलं. तेल डोळ्यात गेलं नव्हतं, मी रडत होते, आणि वहिनी तिथे उभी राहून ते बघत होती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

किती वेळ ती चोळत होती कोण जाणे. मग तिनं हात थांबवले आणि तेलकट तळवे स्वतःच्याच पायांवर पुसले, गुडघ्यापर्यंत, दोन्ही पायांवर.

"पाणी काढ," ती वहिनीला म्हणाली. "झालं तेल."

वहिनी इतकी गडबडली की बादलीऐवजी कळशी उचलून आत गेली. आई तिच्या मागे निघाली, भिंतीला धरत धरत, कोणी न सांगता. मोरीच्या दारात ती थांबली आणि वळून माझ्याकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत.

"कोणाची गं तू?" तिनं विचारलं.

"इथलीच," मी म्हटलं.

"तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरा राग होता, "पोर मोठी झाली म्हणून अशी टाकायची नसती. रविवारचं तेल लावत जा म्हणावं तिला."

"सांगते," मी म्हटलं.